मंगळवारी समुद्र बंद

घानातल्या तेशीत घर घेतलंत तर सगळ्यात आधी पाण्याचे पिवळे कॅन घ्या. पलंग, गॅस, मच्छरदाणी सगळं नंतर. आम्ही नेमकं उलटं केलं, आणि पहिले चार दिवस पिशवीतल्या पाण्याने आंघोळ केली.

पिशवी म्हणजे अर्ध्या लिटरची, दुधाच्या पिशवीसारखी बंद केलेली. घानात पिण्याचं पाणी असं मिळतं. कोपरा दातांनी तोडायचा आणि पिळत पिळत प्यायचं. प्यायला उत्तम. डोक्यावरून ओतायला एकेक पिशवी फोडत बसणं हा काय प्रकार असतो ते मला विचारा.

आम्ही गेलो ऑक्टोबरात. नवऱ्याची नोकरी तेमा बंदराजवळच्या एका कारखान्यात. राजधानी आक्राच्या किनाऱ्यावर गा लोकांची सहा जुनी गावं आहेत. पश्चिमेकडून निघालं तर जुनं आक्रा, मग ओसू, ला, तेशी, नुंग्वा आणि शेवटी तेमा. आता सगळं एकच शहर झालंय, पण प्रत्येक गावाचा राजा वेगळा, पुजारी वेगळे, सणाची तारीखसुद्धा वेगळी. तिथली भारतीय मंडळी सहसा आतल्या, झाडीच्या कॉलन्यांत राहतात. "तेशीत? तिकडे कशाला?" असं आम्हाला तिघांनी तरी विचारलं. कारण सांगायची मला लाज वाटली. दलालाने दाखवलेल्या आठव्या घराच्या गच्चीतून समुद्र दिसत होता आणि वाऱ्याला सुक्या मासळीचा वास होता. मी हर्णैची. नवरा साताऱ्याचा, त्याने नाकाला रुमाल लावला.

भाड्याचं एक सांगून ठेवते. तिथल्या 1963 च्या भाडे कायद्यानुसार सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. आमच्याकडे दोन वर्षांचं मागितलं. कायद्याचं नाव काढल्यावर दलाल इतका मनापासून हसला की आम्हीही हसलो, आणि एक वर्षावर तोडलं. जमिनीच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवावे लागतात. एकच जागा दोघातिघांना विकल्याची प्रकरणं इतकी होतात, की जाल तिकडे भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं, 'ही मालमत्ता विकायची नाही'. मला आधी वाटलं, काय कौतुक आहे यांना आपल्या घरांचं!

मालक परदेशात. खाली त्याची मावशी राहायची आणि घर सांभाळायची. सगळं आवार तिला आवो म्हणायचं, म्हणजे आई. आम्हीही म्हणायला लागलो. नळ कोरडा आहे हे तिला सांगायला मी पहिल्या दिवशी खाली गेले आणि थेट म्हणाले, "पाणी नाहीये." आवो माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "गुड मॉर्निंग."

तेशीतला हा पहिला धडा. आधी विचारपूस, मग काम. दुकानात, ट्रोट्रोत म्हणजे तिथल्या वडाप मिनीबसमध्ये, बँकेत, सगळीकडे. तब्येत कशी, झोप लागली का, घरचे कसे आहेत. "ते ओयो तेङ्?" असं विचारायचं, "मिये ओजोग्बान्" असं सांगायचं, मग तोंड उघडायचं. डावा हात पुढे केलात तर संपलंच. पैसे देणं, घेणं, साधं बोट दाखवणंही उजव्याने. ते मला जड गेलं नाही, लहानपणी प्रसाद डाव्या हातात घेतला म्हणून आमच्या आत्याने मनगटावर चापट मारली होती. भाषा मात्र जड गेली. गा भाषेत 'क' आणि 'प' एका फटक्यात, एकदम म्हणायचे असतात. मी 'क्प' म्हटलं की आवारातली पोरं गडाबडा लोळायची. आठ महिने मी त्यांची फुकटची करमणूक होते.

विचारपूस झाल्यावर आवोने नळाचं सांगितलं. येतो, पण कधी येतो ते त्यालाच माहीत. म्हणून प्रत्येक घरात पिवळ्या कॅनची रांग. मूळचे खाद्यतेलाचे, 25 लिटरचे. त्यांना तिथे 'कुफोर गॅलन' म्हणतात, कारण जॉन कुफोर राष्ट्राध्यक्ष असताना पाण्याची टंचाई फार होती आणि जो तो हे कॅन घेऊन फिरायचा. 2009 साली त्यांची कारकीर्द संपली, कॅनला नाव चिकटलं ते चिकटलंच. आम्ही सहा घेतले. नळाला पाणी आलं की जो पहिला ऐकेल त्याने ओरडायचं, हा आवाराचा नियम. रात्रीचे दोन असोत.

वीज प्रीपेड. पैसे भरा, मीटरमध्ये घाला, संपले की अंधार. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

समुद्रावर मी पहिल्यांदा गेले तो नेमका मंगळवार होता. किनाऱ्यावर रांगेने होड्या, एकही पाण्यात नाही. वारा चांगला, लाटा बेताच्या, आणि पुरुष वाळूत बसून जाळी शिवतायत. मला वाटलं संप असेल. विचारपूस वगैरे यथासांग करून एकाला विचारलं. तो म्हणाला, "आज मंगळवार." जणू त्यात सगळं आलं. गा किनाऱ्यावर मंगळवारी समुद्रात जात नाहीत, तो दिवस समुद्रदेवाचा. सरकारने 2019 पासून काही वर्षं होड्यांनाही एखादा महिना मासेमारी बंद ठेवायला लावली, 2025 मध्ये होड्यांना सूट दिली. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै असते तसंच काहीसं. त्यावरून गावात कुरकुर खूप. मंगळवारावरून मात्र मी एकालाही कुरकुरताना ऐकलं नाही.

होड्या बघून घ्याव्यात अशा. एका अख्ख्या झाडाचा बुंधा कोरून केलेल्या. वावा नावाचं झाड, ते आतल्या जंगलातून येतं. वर फळ्या चढवून उंच केलेल्या, इंचन् इंच रंगवलेल्या, झेंडे लावलेले, बाजूला म्हणी नाहीतर बायबलची वचनं. मागे यामाहाचं इंजिन. आणि काठावरून ओढायचं मोठं जाळंही आहे, म्हणजे आपली रापणच! दोन्ही टोकांचे दोर धरून पंचवीसतीस माणसं गाणं म्हणत मागे मागे सरकतात. मी एकदा दोराला हात लावला. सगळे हसले, पण शेवटी माझ्या ओढणीत दोन मुठी मासे टाकले. ओढणाऱ्याला वाटा मिळतोच. घरी येऊन आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "दोनच मुठी? फसवलंन तुला."

आत्या हर्णैच्या बंदरावर चाळीस वर्षं मासळी विकत होती. लिलावात तिच्यासमोर भले भले गप्प. तेशीत मासळी घ्यायला मी तिचाच मंत्र वापरला, आधी मासळीवालीशी बोल, मासळीशी नंतर. तिथेही कारभार बायकांचाच. पुरुषांनी समुद्रातून आणायचं, किनाऱ्याला लागलं की ते बायकांचं. जाळ्याला, इंजिनाला पैसेही पुष्कळदा त्यांनीच उसने दिलेले असतात, म्हणून भाव कोण ठरवणार हा प्रश्नच नाही. जुलै ते सप्टेंबर खालचं गार पाणी वर येतं आणि तारलीची चुलत बहीण शोभेल अशी मासळी ढिगाने लागते. आपण उन्हात सुकवतो, त्या धुरावर सुकवतात. मातीची चौकोनी चूल, वर तारेच्या जाळीचे ट्रे एकावर एक रचलेले, खालचा वर आणि वरचा खाली करत राहायचं. या चुलीला चोरकोर म्हणतात, आक्राजवळच्या एका मच्छीमार वस्तीवरून. संध्याकाळी अख्ख्या गावाला तो धूर लागतो. नवरा म्हणायचा, ऑफिसात लोक माझ्या शर्टावरून पत्ता ओळखतात.

आवोने एकदा धुराच्या कडेला बसून सांगितलं, की तिचे आईवडील आयुष्यभर एका घरात राहिले नाहीत. भांडण म्हणून नव्हे, रीतच तशी होती. जुन्या वस्तीत बायकांचं आवार वेगळं, पुरुषांचं वेगळं. आई, आजी, मावश्या, मुली एकीकडे, आणि मुलगा जरा मोठा झाला की वडिलांकडे. संध्याकाळी आई भांड्यात जेवण भरून आवोच्या डोक्यावर द्यायची, ती वडिलांना पोचवायची. "आणि भांडण झालं तर?" मी विचारलं. "तर जेवण उशिरा पोचायचं," आवो म्हणाली.

जेवण म्हणजे केंकी. गा भाषेत कोमी. मका दोनतीन दिवस भिजवायचा, दळायचा, पीठ आंबवायचं, त्यातलं निम्मं शिजवून उरलेल्या कच्च्यात मळायचं, गोळे करून कणसाच्या सालात गुंडाळायचे आणि उकडायचे. पहिला घास मला आंबट आणि जड लागला. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी साल सोडताना येणाऱ्या वाफेची वाट बघायला लागले होते, आपण पातोळ्याचं पान सोडताना बघतो तशी. सोबत तळलेला मासा, वाटलेली ताजी मिरची आणि शितो. शितो म्हणजे तेलात काळीभोर होईपर्यंत परतलेली मिरची, आलं, सुकी मासळी आणि सुकी कोलंबी. मी पहिल्यांदा चाखला आणि म्हटलं, ही तर आपल्या जवळ्याच्या चटणीची थोरली जाऊ. भाऊबीजेला आलेल्या भावाने एक बरणी नेली. आत्याला आवडला. आल्याचं जास्त झालंय म्हणाली.

तेशीबद्दल जगाला ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे शवपेट्या. मुख्य रस्त्यालगत कारखाने आहेत, ट्रोट्रोतून जाताना दिसतात. मासा, होडी, मिरची, कोकोचं फळ, मर्सिडीज, शीतपेयाची बाटली, सगळं लाकडी, माणूस मावेल एवढं. ज्याचा जो धंदा, ज्याची जी हौस, त्यात त्याला पोचवायचं. सेथ काने क्वे नावाच्या इथल्याच सुताराने 1950 च्या सुमाराला आपल्या आजीसाठी विमान केलं, विमानात बसायची तिची इच्छा राहून गेली होती म्हणून, आणि तिथून हे सुरू झालं असं तेशीत सांगतात. शेजारच्या ला गावात विचाराल तर ते त्यांच्या आताआ ओकोचं नाव घेतात आणि आमचं आधीचं म्हणतात. मी त्या वादात पडले नाही. 1989 साली पॅरिसच्या प्रदर्शनात काने क्वेच्या पेट्या मांडल्या गेल्या, तेव्हापासून परदेशी लोक त्या दिवाणखान्यात ठेवायलाही घेतात. आवोला हे अजिबात पटत नव्हतं. "रिकामी पेटी घरात? कोणाची वाट बघतात?"

आवोचा थोरला भाऊ कधी कधी यायचा. ऐंशीच्या पुढचा, कडक इस्त्रीचा शर्ट. सगळे त्याला आताआ म्हणत, म्हणजे बाबा. मी मुंबईकडची आहे कळल्यावर तो ताठ बसला आणि म्हणाला, "बॉम्बे. माझे वडील तिथे उतरले होते." खरंच. 1943 मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या 81व्या डिव्हिजनचे सैनिक मुंबईच्या बंदरात उतरले, तिथून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. आक्रातल्या लष्करी मुख्यालयाचं नाव आजही बर्मा कॅम्प आहे, तेशीहून शहरात जाताना ते वाटेतच लागतं. परतलेल्या सैनिकांना कबूल केलेलं काही मिळालं नाही. 28 फेब्रुवारी 1948 ला ते अर्ज घेऊन ओसूच्या क्रिश्चियन्सबोर्ग किल्ल्याकडे, गव्हर्नरकडे निघाले, वाटेत गोळीबार झाला आणि तिघे मारले गेले. त्यानंतर देश पेटला, नऊ वर्षांत स्वातंत्र्य. आताआने हे सगळं एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, "बॉम्बेत पाऊस अजून तसाच पडतो का? वडील फार सांगायचे." मी म्हटलं, "तसाच पडतो, आताआ."

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यामुळे हे लिहायला बसले.

जूनमध्ये आत्या गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात तसं भावाने फोनवर सांगितलं. तिकिटाचे पैसे, जायचे दिवस, काहीच जुळलं नाही. मी गेले नाही. तेराव्याच्या दिवशी मात्र घरात बसवेना. आत्याला अभंग आवडायचे, दरवर्षी आषाढीला तिच्याकडे सकाळपासून लागलेले असायचे. मी गच्चीत स्पीकर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि पखवाज ऐकत बसले.

दहा मिनिटांत आवो जिना चढून वर आली. गुडघे दुखतात म्हणून जी कधीच वर येत नसे ती. विचारपूस नाही, गुड मॉर्निंग नाही. थेट म्हणाली, "बंद कर. आत्ता."

मी विसरले होते. पेरणीचा महिना होता. गावाचा पुजारी, त्याला वुलोमो म्हणतात, पवित्र मका पेरतो आणि त्यानंतर साधारण महिनाभर गावात ढोल नाही, मोठं संगीत नाही, गोंगाट नाही. मका शांततेत वाढायला हवा. नगरपालिका तारखांचं पत्रक काढते. चर्चलाही ढोल आणि स्पीकर आवरावे लागतात आणि त्यावरून पूर्वी, 2000 च्या आगेमागे, हाणामाऱ्याही झाल्या आहेत. प्रत्येक गावाच्या तारखा वेगळ्या. आक्राची बंदी उठली म्हणून मी आमचीही उठली असं धरून चालले होते. नव्याने येणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, शेजारच्या गावाचं ऐकून चालत नाही.

मी स्पीकर बंद केला आणि मला रडू आलं. आवो बसली. मी तिला आत्याचं सांगितलं, हर्णैचं, लिलावाचं, शितोत आलं जास्त म्हणाल्याचं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता नाही. आता कोणासाठीच ढोल वाजत नाहीत. होमोवोचा सण होऊ दे. त्यानंतरची पहाट रडायचीच आहे. तोवर ठेव."

मला ते फार कठोर वाटलं. ठेव म्हणजे काय, रडू काय पिवळ्या कॅनमध्ये भरून ठेवायचं? आठवडाभर मी खाली गेले नाही. महिना तसाच गेला, पाऊस आणि शांतता. एक मात्र झालं. लाटांचा आवाज घरात यायला लागला. एरवी शेजारच्या दुकानाच्या स्पीकरखाली तो कधी ऐकूच आला नव्हता.

होमोवो म्हणजे भुकेची टर उडवणं. गा लोक फिरत फिरत या किनाऱ्याला आले, मोठा दुष्काळ पडला, मग मका भरघोस आला आणि त्यांनी भुकेला हुर्यो केली, अशी गोष्ट सांगतात. तेशीचा होमोवो ऑगस्टमध्ये, आणि तोही मंगळवारीच. आदल्या दिवसांत बाहेर गेलेली माणसं परत येतात, आपल्याकडे गणपतीला चाकरमानी येतात तशी, आणि आवारात झोपायला जागा उरत नाही. आमच्या हॉलमध्ये पाच जण होते, त्यांतल्या दोघांना मी आजही ओळखत नाही.

त्या दिवशी क्पोक्पोई करतात. मक्याचं पीठ वाफवायचं, चाळायचं, पामतेल आणि भेंडी घालून मोकळं करायचं. सोबत पामच्या फळांचं लालभडक कालवण, त्यात मासे. राजा मिरवणुकीने येतो आणि हे क्पोक्पोई मुठीने रस्त्यावर, उंबऱ्यावर, कोपऱ्यांवर शिंपडत जातो. ते पूर्वजांचं. घरोघरीही तसंच शिंपडतात. मग सगळे एका परातीतून जेवतात, आताआपासून शेंबड्या पोरापर्यंत, आणि त्या दिवशी मोठ्यांच्या हातातून मासा पळवायला लहानांना मुभा. मीही एक पळवला. नवरा शाकाहारी नाही, पण परातीत दहा हात बघून तो जरा मागे सरला. आताआने त्याचा हात धरून घातला. बाहेर ढोल. महिनाभराचं सगळं उट्टं काढल्यासारखे.

रात्री कधी झोपलो आठवत नाही. उजाडायच्या आधी दारावर थाप पडली. आवो परत जिना चढून आली होती. "चल," एवढंच म्हणाली.

खाली बायका बसल्या होत्या. ज्यांच्या घरचं वर्षभरात कोणी गेलं होतं त्या रडत होत्या, मोठ्याने, नावं घेत, मधेच काहीतरी सांगत, मधेच रागावत. कोणी कोणाला गप्प करत नव्हतं. आवो आपल्या बहिणीसाठी रडत होती, तिची बहीण फेब्रुवारीत गेली हे मला माहीतच नव्हतं. वर्षभर एका जिन्यावर राहून. मला वाटलं होतं मला काही येणार नाही, दोन महिने झाले होते. पण शेजारच्या बाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुझं कोण?" मी म्हटलं, "आत्या." तिला शब्द कळायचं कारण नव्हतं. ती माझ्या मागोमाग म्हणाली, "आत्या," आणि मग दुसरीही म्हणाली, आणि मग मला आवरेना.

उजेड झाला तसं ते ओसरलं. तोंडं पुसून लोक एकमेकांना "ङो वाला" म्हणायला लागले, आयुष्य घे. वर्षभरात ज्यांनी अबोला धरला होता तेही एकमेकांच्या दारात जाऊन आले. आवोने माझे दोन्ही हात धरले आणि तेच म्हटलं. उत्तरात काय म्हणायचं ते मी आधीच घोकून ठेवलं होतं, ते म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या अंगणातून कोणीतरी पोरगं बेंबीच्या देठापासून ओरडलं, "पाणी आलं!"

आवोने हात सोडले. आम्ही दोघी कॅन आणायला पळालो.